पावसाला न भेटलेली माती

पुण्यातल्या बिबवेवाडीत पावसाची एक जोरदार सर पडून गेली की डोंगराकडच्या अप्पर भागातून खाली उतरणाऱ्या रस्त्यांच्या कडेला तांबूस गाळ साचतो. दुचाक्या घसरतात, चेंबरच्या जाळ्या तुंबतात, सोसायटीचे वॉचमन फावड्याने गाळ ओढून एका बाजूला करतात आणि ऊन पडलं की दोन दिवसांत त्याची धूळ होऊन ती घराघरांत शिरते. मग वाद सुरू होतो. रहिवासी म्हणतात, वर डोंगर फोडलाय, त्याची माती आहे ही. बांधकामवाले म्हणतात, डोंगराची माती दर पावसाळ्यात अशीच खाली येते, त्यात आमचा काय दोष? महापालिका जेसीबी पाठवून गाळ उचलते. गाळ उचलला जातो आणि प्रश्न तिथेच राहतो, कारण तिघांपैकी कोणाच्याही हातात मोजमाप नसतं.

ही पुस्तिका त्या मोजमापाबद्दल आहे. पावसाने माती किती वाहून नेली आणि ती नेमकी कुठून नेली, हे पावसानेच मातीवर सोडलेल्या खुणांवरून ओळखण्याची एक पद्धत आहे. त्या खुणा किरणोत्सारी आहेत, निसर्गात आपोआप तयार होतात आणि प्रत्येक सरीबरोबर जमिनीवर उतरतात. जगात ही पद्धत शेतजमिनीसाठी वाढली. पण डोंगराच्या अंगावर चढत चाललेल्या वस्तीला तिचा उपयोग शेतीपेक्षा कमी नाही, उलट एका बाबतीत जास्तच आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या एका बाबीसाठीच ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी मातीच्या हिशोबाची सवय करून घेऊ. एक हेक्टर जमिनीवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर ती माती दहा घनमीटर होते आणि वजनाने सुमारे १३ टन भरते. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीच्या आसपास. एवढी माती गेल्याचं जमिनीकडे पाहून कोणालाही कळत नाही, पण ती उचलून न्यायची तर मोठा डंपर लागेल. ध्रुव नारायण आणि राम बाबू या दोन संशोधकांनी १९८३ साली संपूर्ण देशाचा अंदाज मांडला होता : दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, हेक्टरी सरासरी १६.४ टन. म्हणजे वर्षाला सव्वा मिलिमीटर. यातली २९ टक्के माती समुद्राला जाऊन मिळते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन पडते. आकडा जुना आहे आणि सरासरीचा आहे, तरी मृद्संधारणाच्या प्रत्येक चर्चेत तो आजही येतो. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शतकं लागतात, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावं.

डोळ्यांना धूप दिसतच नाही असं मात्र नाही. जुलैच्या मध्यावर डोंगराच्या उघड्या उतारावर उकिडवं बसून जवळून पाहा. बोराएवढे खडे मातीच्या बारीक खांबांवर उभे असलेले दिसतील. खड्याने स्वतःखालची माती थेंबांच्या माऱ्यापासून वाचवलेली असते, भोवतालची उडून गेलेली असते. त्या खांबाची उंची मोजपट्टीने मोजली की त्या जागी कमीत कमी किती माती गेली याचा अंदाज येतो. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाची मुळं उताराच्या बाजूने उघडी पडलेली असतात, त्यांच्यावरूनही तोच अंदाज बांधता येतो. पण हे एकेका खड्याचं आणि एकेका झाडाचं सांगणं झालं. अख्ख्या उताराचं काय, आणि गेलेली माती पुढे कुठे थांबली, हे खडा सांगत नाही.

या मोजणीची परंपरा आपल्या अंगणातली आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरून पावसाबरोबर वाहत येणाऱ्या सत्त्वाचा विचार केला होता आणि ते शेतात मुरावं म्हणून सरकारने ताली-बंधारे बांधावेत असं सुचवलं होतं. माती वाहण्याचा संबंध थेट शेतकऱ्याच्या दारिद्र्याशी जोडणारं इतकं स्पष्ट लेखन त्या काळात क्वचितच सापडेल. पुढे १९२३ साली बिबवेवाडीपासून फार लांब नसलेल्या मांजरीत कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं आणि १९३३ साली सोलापूरला केंद्र उभं राहिलं. तिथल्या कामावर आधारलेलं एन. व्ही. कानिटकरांचं ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हे पुस्तक १९४४ साली आलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९४२ मध्ये, मुंबई प्रांताने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीला सरकारी बळ मिळालं. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांनी जी बांधबंदिस्ती केली तिची मुळं इथवर जातात.

धूप मोजण्याची जुनी रीत सरळ होती. उतारावर एक लांबट पट्टा आखायचा, त्याच्या कडांना पत्रे गाडायचे, खालच्या टोकाला टाकी बसवायची. पाऊस झाला की टाकीतलं पाणी मोजायचं, गाळ वाळवून तोलायचा. या रीतीबद्दल मला आदर आहे. तिच्याइतकं थेट मोजमाप दुसरं नाही. पण पट्टा एका जागेचाच हिशोब देतो, वर्षानुवर्षं माणूस लावून तो सांभाळावा लागतो आणि पत्र्यांमुळे पाण्याची नैसर्गिक वाट बदलते. अमेरिकेत अशाच पट्ट्यांच्या हजारो नोंदींतून विशमायर आणि स्मिथ यांनी धूप काढण्याचं ते प्रसिद्ध समीकरण बसवलं. पाऊस, माती, उताराची लांबी आणि तीव्रता, पीक, बांध अशा घटकांचा गुणाकार केला की हेक्टरी टन मिळतात. त्या समीकरणाचा प्रमाण पट्टा २२.१३ मीटर लांबीचा आणि नऊ टक्के उताराचा आहे. आपल्याकडे बांधकामाच्या नियमांत उतार एकास पाचपेक्षा तीव्र असेल तर मनाई आहे. एकास पाच म्हणजे वीस टक्के. बिबवेवाडीच्या डोंगराचे प्रश्न नेमके त्या रेषेच्या आसपासचे आणि तिच्या वरचे आहेत. शेतासाठी बसवलेलं समीकरण तिथे लावून आलेला आकडा अहवालात छापता येतो, पण तो आकडा मोजलेला नसतो, हे विसरलं जातं.

इथे पावसाच्या खुणा कामाला येतात.

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणातल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात आणि त्यांचे तुकडे होतात. त्या तुकड्यांत बेरिलियमचा एक किरणोत्सारी प्रकार असतो : बेरिलियम-७. तो हवेतल्या सूक्ष्म कणांना चिकटतो आणि पावसाच्या थेंबाबरोबर जमिनीवर येतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५३ दिवसांचं, म्हणजे आज जेवढा आहे त्याच्या निम्मा ५३ दिवसांनी उरतो.

या बेरिलियमच्या अभ्यासातला एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला आहे आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा. कुलाब्याला समुद्राकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आजची इमारत उभी राहण्याआधीची ही गोष्ट. होमी भाभांनी बर्नार्ड पीटर्स या विश्वकिरणांच्या अभ्यासकाला संस्थेत आणलं होतं. पीटर्स आणि त्यांचे तरुण सहकारी देवेंद्र लाल यांच्या गटाने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर पावसाच्या पाण्यातून बेरिलियमचे किरणोत्सारी प्रकार वेगळे काढून मोजले. १९५६ साली गोयल, झा, लाल, राधाकृष्ण आणि रामा यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. वातावरणात असे अणू कुठल्या उंचीवर, कुठल्या अक्षांशावर किती तयार होतात याचं लाल आणि पीटर्स यांनी केलेलं गणित पुढची अनेक वर्षं जगभर आधार म्हणून वापरलं गेलं. त्यांना तेव्हा मातीशी कर्तव्य नव्हतं. हवा कशी फिरते हे त्यांना पाहायचं होतं. पण पावसाच्या पाण्यातून जो अणू त्यांनी मोजला, त्याच अणूने १९९९ साली ब्लेक, वॉलिंग आणि हे (He) या तिघा संशोधकांनी इंग्लंडमधल्या शेतातली धूप मोजून दाखवली. एका अणूच्या मोजणीने आभाळापासून वावरापर्यंतचं अंतर चाळीसेक वर्षांत कापलं.

बेरिलियमचा जो गुण आपल्या कामाचा आहे तो असा. पावसाबरोबर उतरल्यावर तो पाण्यात विरघळलेला राहत नाही, मातीच्या कणाला घट्ट धरतो. त्यामुळे तो सगळा वरच्या काही मिलिमीटरांत अडकतो. दोन सेंटिमीटरच्या खाली तो जवळपास नसतोच. मिरवणूक गेल्यावर रस्त्यावर गुलालाचा पातळ थर राहतो. झाडू फिरला तिथे तो विरळ होतो आणि कडेला ढकलला गेला तिथे दाट होतो, तसंच हे. माती गेली तिथे बेरिलियम कमी, माती येऊन बसली तिथे जास्त. फक्त हा गुलाल डोळ्यांना दिसत नाही, त्याचे गॅमा किरण मोजावे लागतात.

मोजायचं कसं? आधी एक संदर्भ जागा हवी : सपाट, गवताची, उघड्या आभाळाखालची, जिथून माती गेली नाही आणि जिथे आली नाही. तिथल्या एका चौरस मीटरवर किती बेरिलियम साचलं हे पाहायचं. मग उतारावरच्या जागी तेच पाहायचं. समजा, संदर्भ जागेवर चौरस मीटरला ४०० बेक्वेरेल आहे आणि उतारावर ३००. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. बेरिलियम खोलीनुसार किती झपाट्याने कमी होतं हेही मातीचे पातळ थर खरवडून काढलेलं असतं. समजा, त्याचा मापांक चौरस मीटरला पाच किलो माती असा आला. मग गेलेली माती म्हणजे पाच गुणिले, ४०० भागिले ३०० चा नैसर्गिक लॉगरिदम. उत्तर येतं चौरस मीटरला १.४४ किलो, म्हणजे हेक्टरी साडेचौदा टनांच्या जवळ, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, पण रीत खरोखर एवढीच आहे. टाकी नको, पत्रे नकोत, पाऊस पडताना हजर राहायलाही नको.

मातीचे थर खरवडणं हे या पद्धतीतलं सगळ्यात नाजूक काम. पोलादी चौकट जमिनीवर बसवून तिच्या कडेला धातूची पट्टी टेकवायची आणि दोन मिलिमीटरची खाप काढायची, मग पुढची दोन मिलिमीटर. डोंगरावर मध्येच खडा लागतो, गवताचं मूळ लागतं, पट्टी अडते. घाईने ओढली की वरच्या थराची माती खालच्या थरात मिसळते आणि सगळं गणित बिघडतं. विद्यार्थ्यांनी आधी कॉलेजच्या आवारात हात बसवून घ्यावा आणि मग डोंगर चढावा. नमुना आणला की वाळवायचा, चाळायचा आणि शिशाच्या जाड भिंतींत बसवलेल्या, द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवलेल्या जर्मेनियमच्या शोधकापुढे ठेवायचा. एका नमुन्याला बऱ्याचदा पूर्ण दिवस लागतो. बेरिलियमची सही ४७७.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर उमटते. नमुने कपाटात पडून राहिले तर दर ५३ दिवसांनी ते निम्मे मुके होतात. म्हणून प्रयोगशाळेची वेळ आधी ठरवावी आणि मगच माती खणावी.

दुसरी खूण शिशाची. जमिनीत युरेनियम असतं, त्यातून रेडियम, रेडियममधून रेडॉन वायू. काही रेडॉन मातीतून निसटून हवेत जातो, तिथे चार दिवसांहून कमी अर्धायुष्यात फुटत फुटत शेवटी शिसं-२१० होतो आणि पावसाबरोबर पुन्हा जमिनीवर येतो. त्याचं अर्धायुष्य २२ वर्षांचं, म्हणजे ते दोन-तीन पिढ्यांचा हिशोब ठेवतं. अडचण एवढीच की मातीत अडकून राहिलेल्या रेडॉनपासूनही तेच शिसं तयार होतं, ते वजा करावं लागतं. त्यासाठी नमुना हवाबंद डब्यात तीनेक आठवडे ठेवून त्यातलं रेडियम मोजतात. आपला दख्खनचा बेसॉल्ट युरेनियमच्या बाबतीत गरीब आहे. त्यामुळे इथे वजा करायचा भाग लहान असतो आणि आभाळातून आलेलं शिसं उठून दिसतं. ग्रॅनाइटच्या मुलखात हे सुख नाही. शिशाच्या या घड्याळाने तळ्यांच्या गाळाचं वय काढण्याच्या पायाभूत कामांतही मुंबईच्या याच संस्थेचे एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल होते. फ्रेंच सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा निबंध १९७१ चा.

तिसरी खूण, सीझियम-१३७, जगात सर्वाधिक वापरली गेली, पण ती नैसर्गिक नाही. ती अणुबॉम्बच्या हवेतल्या चाचण्यांची राख आहे. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ती पडणं झपाट्याने कमी झालं. तिचं अर्धायुष्य ३० वर्षांचं असल्याने त्या वेळी पडलेल्यातली आज जेमतेम पाव उरली आहे. शिवाय तिच्यासाठी पन्नाशीच्या दशकापासून कुदळ न लागलेली संदर्भ जागा हवी. बिबवेवाडीत अशी जागा कुठून आणणार? चराई झाली, शेती झाली, खाणी झाल्या, मग घरं झाली. बेरिलियमला एकाच पावसाळ्यापुरती शांत जागा पुरते. सपाट गवताळ तुकड्याला मे महिन्यात तारेचं कुंपण घातलं की काम झालं. या एका कारणासाठी मी शहरी टेकड्यांवर सीझियमच्या वाटेला जाऊ नये असंच सांगेन.

पण बेरिलियमचंही पुण्याच्या पंचांगाशी एक भांडण आहे. ही पद्धत ज्या देशांत रुळली तिथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, त्यामुळे जमिनीवर बेरिलियमचा थर कायम असतो. आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते मेअखेर सात महिने जवळजवळ कोरडे. सात महिने म्हणजे बेरिलियमची चार अर्धायुष्यं. साठ्यातला सोळावा हिस्सा उरतो. मग वळीव येतो. वळवाची सर आडवी-तिडवी, मोठ्या थेंबांची आणि जमीन उघडी असताना येणारी. बरीचशी माती तीच नेते. पण त्या वेळी जमिनीवर खूणच पुसट असते आणि जी नवी खूण पडते ती त्याच सरीबरोबर वाहत असते. गणिताचं गृहीतक असं की आधी खूण समान पसरली आणि नंतर माती गेली. वळवात दोन्ही एकाच वेळी घडतं. म्हणून परदेशी मार्गदर्शिकेतलं सूत्र उचलून जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलं तर उत्तर चुकेल. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटना (एफएओ) यांनी या विषयावर चांगल्या मार्गदर्शिका काढल्या आहेत. त्या जरूर वाचाव्यात, पण हंगाम आपला लावावा. माझ्या मते पुण्यात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या सरींसाठी बेरिलियमवर भरवसा ठेवावा आणि वळवाच्या धुपीसाठी टाकीचा जुना पट्टाच बरा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर त्याहून उत्तम.

सोलापूरकडच्या खोल काळ्या मातीतल्या वाचकांसाठी एक सूचना इथेच देतो. तुमची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते आणि तिच्याबरोबर खूण हातभर खाली जाते. ती धुपून गेली असं समजू नका. नमुना भेग टाळून घ्या.

आता त्या एका बाबीकडे येतो. शेतात प्रश्न असतो, किती माती गेली. शहरात त्याहून मोठा प्रश्न असतो, कुठली माती गेली. डोंगराच्या पृष्ठभागावरची माती वर्षानुवर्षं पावसाखाली राहिलेली असते. तिच्यात या हंगामाचं बेरिलियम आहे आणि गेल्या कित्येक दशकांचं शिसंही आहे. पाया खोदताना दहा-पंधरा फूट खालून निघालेला मुरूम पावसाला कधी भेटलेलाच नाही. त्याच्यात आभाळातून आलेलं शिसंही नाही आणि बेरिलियमही नाही. आणि डोंगर नुकताच कापून उघडी केलेली भिंत किंवा सपाट केलेली जागा या दोन मातींच्या मधली आहे : या पावसाळ्याचं बेरिलियम तिच्यावर पडलेलं असतं, पण शिसं साठायला वेळच मिळालेला नसतो.

म्हणजे नाल्यातून उचललेल्या गाळाला दोन प्रश्न विचारायचे. बेरिलियम आहे का? आभाळाचं शिसं आहे का? दोन्ही असतील तर तो जुन्या पृष्ठभागाचा गाळ. दोन्ही नसतील तर खोल खोदाईतून किंवा ढासळलेल्या काठातून आलेला. बेरिलियम असून शिसं नसेल तर अलीकडे उघड्या केलेल्या जमिनीचा. प्रत्यक्षात गाळ मिश्र असतो, त्यामुळे उत्तर टक्केवारीत येतं, आणि त्या टक्केवारीला त्रुटीची मर्यादा जोडलेली असते. तरीही रहिवासी आणि बांधकामवाले यांच्या वादात असं उत्तर पहिल्यांदाच दोघांच्याही बाहेरून येतं. म्हणूनच ही पद्धत शहराला शेतापेक्षा जास्त उपयोगी आहे असं मी वर म्हटलं.

शहरात एक घोटाळाही आहे, तो लपवून चालणार नाही. गच्च्या, पत्रे आणि डांबरी रस्ते यांच्यावरही बेरिलियम आणि शिसं पडतं, पण तिथे मुरायला माती नसते. तिथली धूळ या खुणांनी फार दाट भारलेली असते आणि ती थोडीशी जरी गाळात मिसळली तरी खोदाईचा गाळ जुन्या पृष्ठभागाचा वाटू शकतो. म्हणून रस्त्यावरची धूळ हा चौथा स्रोत धरून तिचे वेगळे नमुने घ्यावे लागतात. शिवाय बारीक कण खुणा जास्त धरतात, म्हणून गाळ आणि स्रोत यांची तुलना एकाच आकाराच्या कणांत करावी लागते. ही दोन पथ्यं पाळली नाहीत तर निष्कर्ष कोणाच्या तरी सोयीचा निघेल.

हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारलं तर या भागात उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने महामार्गावर माय-लेकीचा बळी घेतला आणि त्यानंतर तिथल्या डोंगरफोडीची चर्चा राज्यभर झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरात उगम पावणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला. धनकवडी, सहकारनगर, अरण्येश्वर ते दांडेकर पुलापर्यंत पाणी घराघरांत शिरलं, भिंती पडल्या आणि शहर-परिसरात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. पुराची कारणं अनेक होती : थोड्या वेळात पडलेला अफाट पाऊस, आवळलेलं पात्र, ओढ्यातली बांधकामं. गाळ हे त्यांतलं एक. पात्रात गाळ साचला की तेवढ्या पाण्याची जागा जाते, हे साधं गणित आहे. त्या गाळाचे स्रोत ठरवता आले तर पुढच्या वर्षी कुठल्या उतारावर समतल चर खणायचे आणि कुठल्या खोदाईभोवती गाळ अडवणारा बांध सक्तीचा करायचा हे ठरवता येतं. आज दोन्हीसाठी पैसा एकाच ढोबळ अंदाजाने खर्च होतो.

याच ओढ्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेला कात्रजचा तलाव आहे. तिथून दगडी नळाने पाणी शहरात नेलं जाई, आणि वाटेत गाळ खाली बसावा म्हणून हौद आणि उच्छ्वास होते. गाळ पाण्यातून वेगळा करण्याची काळजी अठराव्या शतकातल्या पुण्याने घेतली होती. तलावाच्या तळाशी जिथे गाळ उपसलेला नाही अशी जागा सापडली तर शिशाच्या घड्याळाने तिथल्या थरांचं वय काढता येईल आणि डोंगरातून गाळ येण्याचा वेग कुठल्या दशकात वाढला हे दिसेल. उपसा करताना एखादा कोपरा तरी मुद्दाम सोडावा, अशी माझी महापालिकेला मनापासून विनंती आहे.

किरणोत्सार हा शब्द ऐकून काही पालक विद्यार्थ्यांना या कामावर पाठवायला कचरतात. त्यांच्यासाठी स्पष्ट सांगतो. या पद्धतीत बाहेरून काहीही किरणोत्सारी टाकलं जात नाही. मुंबई बंदरात गाळाची वाट शोधायला भाभा अणुसंशोधन केंद्राने स्कँडियम-४६ वापरलं तेव्हा तो अणू मुद्दाम घडवून गाळात सोडावा लागला होता. इथे जे आहे ते आधीच पडलेलं आहे. मातीत मुळातच असलेल्या पोटॅशियम-४० चा किरणोत्सार बेरिलियमच्या कितीतरी पट असतो, आणि त्याच मातीत आपण भाजी लावतो. मातीची पिशवी दप्तरात घेऊन घरी जाण्यात धोका नाही. धोका आहे तो ओल्या, नुकत्याच कापलेल्या उतारावर चढण्यात. तिथे एकट्याने जाऊ नये आणि पाऊस चालू असताना तर मुळीच जाऊ नये.

पुढच्या प्रकरणांत नमुने घेण्याची चौकट, थरांचं गणित, स्रोतांची विभागणी आणि त्रुटीची मर्यादा काढण्याची रीत सविस्तर दिली आहे. ज्यांना गणित नको आहे त्यांनी किमान नमुन्यांचं प्रकरण वाचावं, कारण प्रयोगशाळा नंतर मिळू शकते पण वेळेवर न घेतलेला नमुना पुन्हा मिळत नाही. पहिलं काम मे महिन्यातलं आहे. संदर्भ जागेला कुंपण घाला. आपल्या परिसरात जिथे पायाची खोदाई चालू आहे तिथल्या मालकाची रीतसर परवानगी घेऊन सगळ्यात खालच्या थरातला दोन किलो मुरूम पिशवीत भरा, खोली आणि तारीख लिहा आणि बाजूला ठेवा. ऑगस्टमध्ये नाल्यातल्या गाळाशी ताडून पाहायला तो लागेल, आणि तोवर त्या खड्ड्यावर काँक्रीट पडलेलं असेल.